जिवाणू की विषाणू? सर्रास अदलाबदल होणारे दोन शब्द

चांदणवेल
मंडळी, परवा एका वर्तमानपत्रात डेंग्यूवरची बातमी वाचली. शीर्षकात 'डेंग्यूचा विषाणू', पहिल्या परिच्छेदात 'डेंग्यूचे जिवाणू' आणि शेवटाकडे 'या जंतूंवर अँटिबायोटिकचा मारा करूनही ताप हटेना'. एकाच बातमीत तीन शब्द आणि तिसऱ्या वाक्यात घोळ पुरता उघडा पडला. डेंग्यू विषाणूमुळे होतो आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालतच नाही. मग हटणार कसा?

मला हे नुसत्या भाषेच्या काटेकोरपणाचं प्रकरण वाटत नाही. शब्द चुकला की त्यामागचा विचार चुकतो आणि विचार चुकला की माणूस नको ते औषध मागतो. शाळेत हे दोन्ही शब्द सगळेच शिकतात, तरी मोठेपणी गल्लत का होते? आणि विज्ञानाशी संबंध नसलेल्या माणसाला फरक सांगायचा झाला तर तुम्ही कसा सांगाल? अनुभव, मतं, मतभेद, सगळं येऊ द्या.

निवांत
माझं मत सरळ आहे. आजारी माणसासाठी जंतू तो जंतू. जिवाणू आहे की विषाणू आहे हे ओळखायला डॉक्टर बसलेत. विमानात बसणाऱ्याला इंजिनाचे भाग कुठे पाठ असतात?

भिंगरी
@निवांत, डॉक्टर ओळखतात हे खरं, पण हट्ट आपण धरतो ना. लेकीला सर्दी-ताप होता. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हा विषाणूचा ताप आहे, पॅरासिटामॉल द्या, पाणी पाजत राहा, श्वास जोरात चालला किंवा पोर मलूल पडलं तर लगेच आणा. घरी आल्यावर सगळ्यांचा एकच सूर : "नुसत्या तापाच्या गोळीवर पाठवलं? अँटिबायोटिक नाही दिलं? डॉक्टर बदल!" दोन शब्दांतला फरक घरात एकाला जरी नीट ठाऊक असता तर तो संध्याकाळभराचा वाद झालाच नसता. मी औषध बदललं नाही. ताप त्याच्या त्याच्या वेळेने गेला.

गोगलगाय
वाचतेय. महत्त्वाचा धागा.

खडूफळा
मी विज्ञान शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न दर वर्षी समोर येतो. मी मुलांना असं सांगतो : जिवाणू म्हणजे छोटासा पण स्वतःचा कारखाना असलेला कारखानदार. कच्चा माल मिळाला की स्वतःच उत्पादन करतो, वाढतो, एकाचे दोन होतो. विषाणूकडे कारखाना नाही, यंत्र नाही, वीज नाही, फक्त आराखडा आहे. तो आराखडा घेऊन दुसऱ्याच्या कारखान्यात शिरतो आणि तिथल्या यंत्रांवर स्वतःच्याच प्रती काढून घेतो.

आता हेच विज्ञानाच्या भाषेत. जिवाणू ही एक पूर्ण पेशी असते. तिला आवरण असतं, बहुतेकांना त्यावर भिंत असते, आत प्रथिनं बनवणारे रायबोसोम असतात. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय हा जिवाणू साधारण 20 मिनिटांत एकाचे दोन होतो. विषाणू पेशीच नाही. डीएनए किंवा आरएनए, त्याभोवती प्रथिनांचं कवच आणि काहींना वरून मेदाचं एक वेष्टन, इतकाच त्याचा संसार. जिवंत पेशीच्या बाहेर तो वाढत नाही, खात नाही, काहीच करत नाही.

आकार म्हणाल तर ई. कोलायची लांबी सुमारे 2 मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग. करोनाचा विषाणू सुमारे 100 नॅनोमीटर, म्हणजे त्याच्याही विसाव्या हिश्शाइतका. पोलिओचा विषाणू तर जेमतेम 30 नॅनोमीटरचा.

निवांत, अँटिबायोटिकचं गणित इथेच सुटतं. पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधू देत नाही. काही औषधं जिवाणूच्या रायबोसोमवर जाऊन बसतात. विषाणूला भिंतही नाही आणि रायबोसोमही नाही. औषधाने हल्ला करायचा तरी कशावर?

ढगफुटी
खडूफळा सर, हा प्रतिसाद छापून दवाखान्याच्या बाहेर लावायला हवा. वाचनखूण साठवली.

सूक्ष्मदर्शी
मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे हे दोन शब्द म्हणजे दोन वेगळ्या खोल्या, दोन वेगळी कामं. कारखान्याची उपमा चांगली आहे, फक्त एक जोड देते : काही जिवाणूही दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय वाढू शकत नाहीत. क्लॅमिडिया आणि रिकेट्सिया ही त्यातली नावं. क्लॅमिडियाला तर बराच काळ विषाणूच समजत. पण त्यांना स्वतःचे रायबोसोम असतात, म्हणून ते जिवाणू, आणि म्हणूनच त्यांच्यावर डॉक्सिसायक्लीनसारखी अँटिबायोटिक लागू पडतात. 'परजीवी तो विषाणू' अशी खूणगाठ मात्र बांधू नका.

जिवाणू आम्ही डोळ्यांनी 'पाहतो' तो कसा, हे सांगते. घशाचा स्वॅब आला की तो रक्त मिसळलेल्या आगरच्या (जिवाणू वाढवायच्या जेलीच्या) बशीवर रेघा मारत पसरवतो आणि 37 अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवतो. दुसऱ्या दिवशी बशी उजेडासमोर धरली की, घशाला सुजवणारा स्ट्रेप्टोकोकस असेल तर, टाचणीच्या टोकाएवढे करडे ठिपके दिसतात आणि प्रत्येक ठिपक्याभोवती लाल रंग पार निघून गेलेलं, आरपार दिसणारं कडं. त्या कड्यातल्या तांबड्या पेशी जिवाणूने फोडलेल्या असतात. लघवीच्या नमुन्यात ई. कोलाय असेल तर मॅककाँकी आगरवर गडद गुलाबी ठिपके येतात. जखमेतला स्यूडोमोनास असेल तर बशी हिरवट होते आणि झाकण उघडायच्या आतच त्याचा गोडसर वास येतो. इतकी त्यांची ओळख अंगवळणी पडते.

मग त्याच जिवाणूची दुसरी बशी भरून तिच्यावर वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या छोट्या चकत्या ठेवतो. जे औषध लागू पडतं त्याच्या चकतीभोवती मोकळी जागा राहते. तिचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा आणि तक्त्याशी ताडून पाहायचा. 'कल्चर सेन्सिटिव्हिटी'चा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस का लागतात ते यावरून कळेल. जिवाणूला वाढायला वेळ द्यावाच लागतो.

विषाणूचा नमुना त्याच बशीवर महिनाभर ठेवला तरी काही उगवणार नाही. त्याला जिवंत पेशी लागतात. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात पेशींचा एकसंध थर वाढवायचा, त्यावर नमुना घालायचा आणि रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघत राहायचं. विषाणू असेल तर तळाला चिकटलेल्या पसरट पेशी हळूहळू गोल होतात, एकमेकींपासून सुटतात, थराला भोकं पडतात. विषाणू दिसत नाहीच, त्याने केलेली नासधूस दिसते. साध्या सूक्ष्मदर्शकाला साधारण 200 नॅनोमीटरच्या खालचं वेगळं करून दाखवता येत नाही. म्हणून रोजच्या निदानाला पीसीआर किंवा प्रतिपिंडांच्या चाचण्या वापरतात.

वेलांटी
सुंदर धागा. मधेच भाषेचं थोडं. विषाणू, जंतू हे शब्द एकटे आले की शेवटचा उकार दीर्घ. पण समासात आधी आले की ऱ्हस्व : विषाणुजन्य, विषाणुशास्त्र, जंतुनाशक, जंतुसंसर्ग. 'विषाणूजन्य आजार' जिकडेतिकडे छापलेलं दिसतं, ते चूक. 'जिवाणू' आणि 'जीवाणू' अशी दोन्ही रूपं छापील मजकुरात दिसतात. कोणतंही एक धरा, पण एका लेखात एकच ठेवा.

आणखी एक. पोटात होतात ते 'जंत'. ते डोळ्यांना दिसणारे कृमी, त्यांचं औषधच निराळं. जंत आणि जंतू यांची गल्लतही मी ऐकली आहे.

निवांत
वेलांटी, म्हणजे गल्लत दोन शब्दांची नाही, तीन शब्दांची आहे. :)

डॉ. रानवारा
जनरल प्रॅक्टिस करतो. भिंगरीताईंनी लिहिलं ते दवाखान्यात रोजचं आहे. घसा दुखतोय म्हणून येणाऱ्यांपैकी बहुतेकांना विषाणूचा संसर्ग असतो आणि तो आपोआप बरा होतो. पण काहींच्या घशात सूक्ष्मदर्शी यांनी सांगितलेला स्ट्रेप्टोकोकस असतो आणि तो दुर्लक्षून चालत नाही. विशेषतः मुलांमध्ये त्यातून पुढे संधिवाताचा ताप येऊ शकतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. तिथे पेनिसिलिनने खरोखर आयुष्य वाचतं. 'अँटिबायोटिक वाईट' ही समजूतही तितकीच घातक आहे. घसा दोघांचाही लालच दिसतो, दुखतोही सारखाच. खोकला आणि नाक वाहणं असेल तर विषाणूकडे कल जास्त. खोकला नाही, ताप आहे, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत, मानेच्या पुढच्या गाठी दुखऱ्या आहेत, तर स्ट्रेप्टोकोकसची तपासणी करायची.

@निवांत, पेशंटला फरक माहीत असला की माझं काम सोपं होतं. "ताप विषाणूचा आहे" एवढं म्हटल्यावर समोरच्याला पुढचं आपोआप कळलं, तर चिठ्ठीवर अँटिबायोटिक का नाही हे समजावण्यात जाणारा वेळ मी त्याला तपासण्यात घालवू शकतो.

गोगलगाय
डॉक्टर, एक प्रश्न. कफ हिरवा-पिवळा झाला की 'आता इन्फेक्शन झालं, अँटिबायोटिक हवंच' असं सगळे म्हणतात. हिरवा म्हणजे जिवाणू, हे बरोबर आहे का?

डॉ. रानवारा
नाही. हिरवट रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा. न्यूट्रोफिल नावाच्या पेशींमध्ये एक हिरवट एन्झाइम असतं. त्या मोठ्या संख्येने जमल्या की कफाला रंग येतो. विषाणूच्या साध्या सर्दीतही चार-पाच दिवसांनी हे होतं. रंगावरून जिवाणू-विषाणू ठरवता येत नाही. दम लागणं, छातीत दुखणं, बरा होत आलेला ताप पुन्हा चढणं, याकडे लक्ष द्या.

उंबरठा
पण मग माझ्या वडिलांना फ्लू झाला असताना अँटिबायोटिक का दिलं होतं? चाचणीत फ्लूचा विषाणू आला होता, आम्ही स्वतः रिपोर्ट पाहिला. तेव्हा विचारायचं धाडस झालं नाही.

डॉ. रानवारा
त्यांच्या केसबद्दल न बघता बोलणार नाही, पण असं देण्याची सबळ कारणं असू शकतात. फ्लूचा विषाणू श्वासनलिकेचं अस्तर सोलून काढतो आणि त्या उघड्या जागेत जिवाणूंना आयतं फावतं. 1918 च्या साथीत मेलेल्यांच्या जतन केलेल्या फुप्फुसांच्या नमुन्यांचा पुढे अभ्यास झाला. त्यात बहुतेकांच्या फुप्फुसात जिवाणूंचा न्यूमोनिया आढळला. सुरुवात विषाणूने केली, जीव जिवाणूने घेतला. तेव्हा अँटिबायोटिक नव्हतीच. पेनिसिलिनचा शोधच 1928 चा.

सूक्ष्मदर्शी
फ्लूचा विषय निघालाच आहे तर नावांच्या गोंधळाचा सगळ्यात मोठा किस्सा. 1892 मध्ये रिचर्ड फायफर यांना फ्लूच्या रोग्यांच्या घशात एक जिवाणू सापडला आणि हाच फ्लूचं कारण असं त्यांनी जाहीर केलं. त्यावरून त्याचं नाव पडलं हिमोफिलस इन्फ्लुएन्झा. माणसातला फ्लूचा खरा विषाणू वेगळा करता आला तो 1933 मध्ये. नाव मात्र जिवाणूला कायमचं चिकटलं. आज बाळांना जी 'हिब' लस देतात ती या जिवाणूवरची. तिचा फ्लूशी काहीही संबंध नाही. 'हिब दिलीय, मग फ्लूची कशाला' असं विचारणारे पालक भेटतात तेव्हा दोष त्यांचा नसतो, त्या नावाचा असतो.

उलटा किस्साही आहे. 1992 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड इथे न्यूमोनियाच्या साथीचा तपास चालू असताना एका कूलिंग टॉवरच्या पाण्यातल्या अमीबात गोल कण दिसले. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होते, जिवाणू ओळखायला वापरतात तो ग्रॅमचा रंगही घेत होते, म्हणून जिवाणूच समजून 'ब्रॅडफर्डकोकस' असं नाव दिलं. 2003 मध्ये कळलं की तो विषाणू आहे. जिवाणूची नक्कल करतो म्हणून त्याचं नाव मिमिव्हायरस. प्रयोगशाळेत भिंगाला डोळा लावून बसलेली माणसं जिथे अकरा वर्षं चकली तिथे वर्तमानपत्राने चकणं समजू शकते. पण डेंग्यूच्या बाबतीत तशी सबब नाही.

ढगफुटी
मिमिव्हायरस हे नाव भारी आहे. नकलाकार विषाणू!

जुळारी
मी वर्तमानपत्रात संपादन विभागात काम करतो, म्हणून आतली बाजू मांडतो. बातमी वृत्तसंस्थेकडून इंग्रजीत येते. तिकडेही लिहिणारा कधी 'जर्म' लिहितो, कधी 'बग'. 'सुपरबग'ला मराठीत काय म्हणायचं? घाईत 'घातक विषाणू' होऊन जातं, कारण विषाणू हा शब्द जास्त भयंकर वाटतो. वास्तविक सुपरबग म्हणजे अँटिबायोटिकला न जुमानणारा जिवाणू. बातमीचा सगळा मुद्दाच औषधाला न जुमानण्याचा असतो आणि शीर्षकात विषाणू गेला की त्या मुद्द्याला काही अर्थच उरत नाही.

शिवाय करोनानंतर 'विषाणू' शब्द बोटांवर बसलाय. कुठलीही साथ आली की पहिला तोच टंकला जातो. मी आता एक करतो : बातमीत आजाराचं नाव आलं की आधी कारक कोण ते तपासतो, खात्री नसेल तर 'रोगजंतू' लिहितो. रोगजंतूत दोघेही येतात. मोघम लिहिलं तरी खोटं ठरत नाही.

चांदणवेल
जुळारी, मनापासून आभार. आतून काम कसं चालतं ते कळलं. 'रोगजंतू'चा उपाय पटला. पण अँटिबायोटिकचा उल्लेख असलेल्या बातमीत तरी नेमका शब्द हवाच, असा माझा आग्रह राहील.

उंबरठा
मला 'विषाणू' या शब्दाबद्दलच शंका आहे. यात 'विष' कुठून आलं? विषाणू विष तयार करतात का?

सूक्ष्मदर्शी
फार छान प्रश्न. 'व्हायरस' हा लॅटिन शब्द, त्याचा अर्थच विष. मराठीत तोच अर्थ घेऊन शब्द घडवला. 1892 मध्ये इव्हानोव्स्की आणि 1898 मध्ये बायेरिंक यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस अशा गाळणीतून गाळला, जिच्यातून जिवाणू जाऊ शकत नाहीत. गाळलेला स्वच्छ रस लावला तरी निरोगी रोप आजारी पडलं. रसात काय आहे ते कुणाला दिसत नव्हतं. बायेरिंक त्याला जिवंत, संसर्गजन्य द्रव म्हणाले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या विषाणूचं चित्र मिळालं ते 1939 मध्ये. चाळीस वर्षं नाव होतं, रूप नव्हतं.

आता गंमत बघा. खरं जहाल विष तयार करण्यात जिवाणूंचा हात कुणी धरणार नाही. धनुर्वात, घटसर्प, पटकी या तिन्ही आजारांत माणसाला आडवं करतं ते जिवाणूने सोडलेलं विष. बोटुलिनम हे आपल्याला माहीत असलेल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक, तेही जिवाणूचं. धनुर्वाताची लस तर जिवाणूवर नसतेच, निकामी केलेल्या त्या विषावर असते. विषाणू मात्र बहुतेक वेळा पेशी वापरून, फोडून किंवा आपल्या प्रतिकारशक्तीला चेतवून त्रास देतात. विष तयार करणारा विषाणू हा अपवाद.

उंबरठा
म्हणजे विष जिवाणूकडे आणि नावात विष विषाणूच्या! मग गोंधळ होणारच.

सूक्ष्मदर्शी
थांबा, अजून एक वळण आहे. जिवाणूंनाही विषाणूंची बाधा होते. जिवाणूंना गाठणाऱ्या विषाणूंना फाज म्हणतात. 1915 मध्ये ट्वॉर्ट आणि 1917 मध्ये दएरेल यांनी ते दाखवून दिले. काही फाज जिवाणूला मारत नाहीत, त्याच्या डीएनएमध्ये आपला डीएनए गुंफून राहतात. घटसर्पाच्या जिवाणूमध्ये विषाचं जनुक येतं ते अशा एका फाजकडून. ज्या जिवाणूत तो फाज नाही तो घटसर्पाचं विष बनवू शकत नाही. हे 1951 मध्ये कळलं. पटकीच्या विषाची जनुकंही फाजमधून आलेली आहेत, हे 1996 मध्ये सिद्ध झालं.

ढगफुटी
म्हणजे विष शेवटी विषाणूचंच निघालं! ज्याने कुणी शब्द घडवला त्याला साष्टांग दंडवत.

खडूफळा
सूक्ष्मदर्शी, हे मी उद्याच वर्गात सांगणार. याच फाजचा उपयोग करून जिवाणूंचे संसर्ग बरे करायचे प्रयत्नही चालू आहेत. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे त्याकडे पुन्हा लक्ष वळलंय. जिवाणू-विषाणू एकच असते तर हा उपचार सुचलाच नसता.

गोगलगाय
विषाणू सजीव की निर्जीव, यावर कुणी बोलेल का? शाळेत 'सीमारेषेवर' असं उत्तर लिहायचो.

खडूफळा
अजूनही तेच लिहितात आणि मला ते योग्य वाटतं. 1935 मध्ये वेंडेल स्टॅन्ली यांनी तंबाखूच्या विषाणूचे स्फटिक बनवले. ते बाटलीत ठेवता येत आणि पानावर लावले की पुन्हा रोग होई. यावर वेगळा धागा काढू, इथे गाडी रुळावरून जाईल.

निवांत
बरं, व्यवहारातला प्रश्न. बाटलीवर 'जंतुनाशक' लिहिलेलं असतं. ते दोघांनाही मारतं का? इथे तरी 'जंतू' शब्द चालतो की नाही?

सूक्ष्मदर्शी
इथेही फरक आहेच. ज्या विषाणूंना मेदाचं वेष्टन असतं (करोना, फ्लू) ते साबणाने आणि अल्कोहोलने लवकर निकामी होतात, कारण वेष्टन विरघळतं. वेष्टन नसलेले, म्हणजे जुलाब-उलट्या करणारा नोरोव्हायरस किंवा पोलिओचा विषाणू, अल्कोहोलला बरेच दाद देत नाहीत. जिवाणूंचे बीजाणूही (टणक कवचातली त्यांची सुप्त रूपं) अल्कोहोलने मरत नाहीत. म्हणून जुलाबाच्या साथीत साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळून धुणं सॅनिटायझरपेक्षा भरवशाचं. तिथे मारण्यापेक्षा वाहून घालवणं कामाला येतं.

निवांत
हे उपयोगी आहे. घरातल्यांना वाचून दाखवतो.

भिंगरी
लसीकरणाचं कार्ड काढून बसले. माझ्या समजुतीने : घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, क्षय हे जिवाणू. पोलिओ, गोवर, रुबेला, गालगुंड, रोटाव्हायरस, हिपॅटायटिस बी हे विषाणू. बरोबर?

डॉ. रानवारा
बरोबर. लस दोघांवरही बनवता येते, अँटिबायोटिक फक्त जिवाणूवर. मोठ्यांच्या आजारांत विषमज्वर, कुष्ठरोग, प्लेग, लेप्टोस्पायरोसिस हे जिवाणू. डेंग्यू, चिकुनगुनिया, कांजिण्या, नागीण, रेबीज हे विषाणू. हिवताप दोन्हींत नाही, तो आदिजीवामुळे होतो. गजकर्ण बुरशीमुळे. खरूज तर चक्क किड्यामुळे.

आणि विषाणूवर औषधच नाही असंही समजू नका. नागिणीवर असायक्लोव्हिर आहे, फ्लूवर ऑसेल्टामिव्हिर आहे, एचआयव्ही औषधांनी वर्षानुवर्षं आटोक्यात राहतो, हिपॅटायटिस सी तर काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. पण ही औषधं त्या-त्या विषाणूपुरती. पेनिसिलिनसारखं एक औषध अनेकांवर, असं इथे सहसा चालत नाही.

उंबरठा
अँटिबायोटिक विनाकारण घेतलं तर नुकसान ते काय? पैसे गेले एवढंच ना?

सूक्ष्मदर्शी
नाही हो. तापाचा विषाणू तसाच राहतो आणि आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंची कत्तल होते. आपल्या शरीरात जितक्या स्वतःच्या पेशी तितकेच, किंबहुना थोडे जास्त जिवाणू असतात. त्यातले जे औषधाला पुरून उरतात तेच पुढे वाढतात आणि टिकून राहायचं ते जनुक शेजारच्या वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतात. 2019 या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगभरात सुमारे 12.7 लाख मृत्यू झाले, असा अंदाज 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. मी चकत्यांची बशी हातात घेते आणि एकाही चकतीभोवती मोकळी जागा नसते, तेव्हा तो रिपोर्ट लिहिताना हात जड होतो. बशीच्या पलीकडे एक माणूस असतो आणि त्याच्यासाठी आमच्याकडे लिहायला औषधाचं नाव नसतं.

भिंगरी
हे वाचून काटा आला.

चांदणवेल
इतके सकस प्रतिसाद आले की मूळ प्रश्न मागे पडला होता, त्याकडे येते. गल्लत का होते याचं मला धाग्यातून मिळालेलं उत्तर असं : दोन्ही शब्दांची घडण एकसारखी, दोन्ही अदृश्य, दोन्हींचा ताप सारखाच दिसणारा, आणि शाळेत व्याख्या शिकवतात पण औषधाशी जोड घालून देत नाहीत. खडूफळा सर ती जोड घालतात हे वाचून बरं वाटलं. त्या वर्तमानपत्राला मी पत्र लिहिते आहे. अँटिबायोटिकचं वाक्य तेवढं दुरुस्त करा, एवढंच मागणार आहे.

जाता जाता एक : कावीळ कुठल्या रकान्यात टाकायची? पत्रात उदाहरणं द्यायची आहेत.

डॉ. रानवारा
कावीळ उदाहरणात देऊ नका. कावीळ हे लक्षण आहे. हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंमुळे होते, लेप्टोस्पायरा या जिवाणूमुळे होते, हिवतापातही होते आणि पित्ताचा खडा अडकला तर जंतूंशिवायही होते. न्यूमोनिया आणि मेंदूज्वर यांचंही तसंच. नाव सुजलेल्या अवयवाचं आहे, सूज आणणाऱ्याचं नाही. जिवाणूचा मेंदूज्वर असेल तर तासातासाला महत्त्व असतं, अँटिबायोटिक लगेच सुरू करावं लागतं. विषाणूच्या बऱ्याच मेंदूज्वरांत तसं नसतं. पत्रात डेंग्यू आणि विषमज्वर ही जोडी द्या. दोन्हींत अनेक दिवसांचा ताप, एक विषाणूचा, दुसरा जिवाणूचा, आणि उपचार पूर्ण वेगळे.

चांदणवेल
डेंग्यू आणि विषमज्वर. पक्कं. विषमज्वराच्या नावातलं 'विषम' वाचून कुणी त्यालाही विषाणूच्या रकान्यात टाकायला नको, म्हणून कंसात 'टायफॉइड' लिहिते.

वेलांटी
आणि 'विषाणुजन्य' लिहाल तेव्हा णु ऱ्हस्व. पत्र पाठवण्याआधी हवं तर इथे टाका, मी नजर फिरवते.